एका यंत्रात अनेक यंत्रे: सर्व्हर व साठवण यांची निवड

रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर जाड नोंदवह्या ठेवल्या जात असत, तो काळ फार जुना नाही. कोणत्या गाडीच्या कोणत्या डब्यात कोणती शायिका रिकामी आहे, हे त्या वहीवरून ठरे. आणि वही एकच असल्याने ती जेथे असेल तेथेच त्या गाडीचे तिकीट मिळे. १९८५-८६ च्या सुमारास नवी दिल्ली येथे संगणकीय आरक्षणाला आरंभ झाला आणि ही वही संगणकात गेली. सीएमसी या तत्कालीन सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने त्यासाठी आज्ञावली तयार केली. १९८६ मध्ये रेल्वेने दिल्लीत 'क्रिस' ही स्वतःची संगणक संस्था स्थापन केली आणि पुढे तिने घडविलेल्या 'कॉन्सर्ट' या आज्ञावलीने दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे १९९९ पर्यंत परस्परांशी जोडली.

या व्यवस्थेच्या इतिहासात एक बोधप्रद गोष्ट दडलेली आहे. आरंभीची यंत्रे 'व्हॅक्स' जातीची होती आणि त्यांवर 'व्हीएमएस' नावाची कार्यप्रणाली चाले. व्हॅक्स बनविणारी डिजिटल इक्विपमेंट ही कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकने विकत घेतली. २००२ मध्ये कॉम्पॅक स्वतःच ह्युलेट पॅकर्डमध्ये विलीन झाली. कार्यप्रणाली मात्र टिकली. ती व्हॅक्सवरून अल्फा या प्रोसेसरवर आणि अल्फावरून इटॅनियमवर नेण्यात आली. इटॅनियमची अखेरची खेप २०२१ मध्ये रवाना झाली आणि ती जातही संपली. २०२५ मध्ये संसदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार रेल्वे आरक्षणाची व्यवस्था त्या वेळी इटॅनियम सर्व्हर आणि ओपन व्हीएमएस यांवरच चालत होती व तिच्या नूतनीकरणाचे काम हाती घेण्यात आले होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्राचे आयुष्य पाच-सात वर्षांचे असते. ज्या कामासाठी ते घेतले जाते त्या कामाचे आयुष्य मात्र कित्येक दशकांचे असू शकते. कामाला यंत्रापासून अलग करता आले, तर यंत्र बदलणे हे संकट न राहता नित्याची दुरुस्ती ठरते. आभासी यंत्राची कल्पना मुख्यतः याच कारणासाठी उपयोगी पडते. परंतु आभासी यंत्र हवेत चालत नाही. त्याच्याखाली खरे लोखंड, खरी तांब्याची तार आणि खरी वीज असावी लागते. हे खरे यंत्र कसे निवडावे, हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय होय.

आभासी यंत्र म्हणजे काय?

एखाद्या मोठ्या वाड्यात भिंती घालून अनेक बिऱ्हाडे थाटली जातात. प्रत्येक बिऱ्हाडाला आपले स्वतंत्र घर असल्याचा अनुभव येतो. पाया, छप्पर आणि विहीर मात्र सर्वांची एकच असते. संगणकाच्या बाबतीत अशा भिंती घालण्याचे काम 'हायपरव्हायझर' नावाची आज्ञावली करते. ती प्रोसेसर, स्मृती आणि साठवण यांची वाटणी करते आणि प्रत्येक कार्यप्रणालीला आपण एका स्वतंत्र यंत्रावर चालत आहोत, असे भासविते. अशा प्रत्येक वाट्यास आभासी यंत्र म्हणतात.

ही कल्पना नवी नाही. १९६० नंतरच्या दशकात आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात तिचा प्रथम प्रयोग झाला आणि १९७२ मध्ये ती 'व्हीएम/३७०' या नावाने ग्राहकांपर्यंत पोचली. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघा शास्त्रज्ञांनी, एखाद्या यंत्रावर आभासी यंत्रे चालविण्यासाठी त्या यंत्राच्या अंगी कोणते गुण असावेत, याचे तर्कशुद्ध विवेचन केले. तथापि, त्यानंतर स्वस्त संगणकांचे युग आले, प्रत्येक कामासाठी वेगळे यंत्र घेणे परवडू लागले आणि ही कल्पना काही काळ मागे पडली. १९९९ पासून व्हीएमवेअर कंपनीने ती सामान्य संगणकांवर आणली. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी आपल्या प्रोसेसरांतच त्यासाठी खास सोय केली आणि २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात 'केव्हीएम' या नावाने तिचा समावेश झाला. वर उल्लेखिलेल्या ओपन व्हीएमएसचीही जी आवृत्ती २०२२ मध्ये सामान्य प्रोसेसरांसाठी निघाली, ती थेट यंत्रावर नव्हे, तर आभासी यंत्रातच चालावी अशा रीतीने प्रथम उपलब्ध झाली. ज्या कार्यप्रणालीने यंत्रांच्या तीन पिढ्या पाहिल्या, तिला चौथ्या पिढीत विशिष्ट यंत्राशी बांधून घेण्याचे कारण उरले नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वीस जुनी यंत्रे वेगवेगळी असताना एक बिघडले, तर एकच काम अडते. तीच वीस कामे एका पेटीत आणल्यावर ती पेटी बिघडली, तर वीसही कामे एकाच क्षणी थांबतात. आभासीकरणाने यंत्रांची संख्या घटते. परंतु उरलेल्या प्रत्येक यंत्रावरील जबाबदारी त्याच प्रमाणात वाढते. निवडीचे पुढील सर्व नियम या एका वस्तुस्थितीतून निघतात.

खरेदीपूर्वी मोजमाप

समजा, नोएडा येथे मालाचे वितरण करणारी एक मध्यम आकाराची संस्था आहे. तिच्याकडे हिशेब, पगारपत्रक, गोदामाची नोंद, टपाल इत्यादी कामांसाठी वीस जुने सर्व्हर आहेत. प्रत्येकात ४ कोअर आणि १६ गिगाबाइट स्मृती आहे. (कोअर म्हणजे प्रोसेसरमधील एक स्वतंत्र गणनकेंद्र.) वरवर पाहणारा म्हणेल की एकूण ८० कोअर आणि ३२० गिगाबाइट स्मृती लागते, म्हणून तेवढे घ्यावे. हा हिशेब चुकीचा आहे. कारण त्यात यंत्रांजवळ काय आहे ते मोजले गेले, ती काय वापरतात ते नव्हे.

योग्य रीत अशी की, प्रत्येक यंत्राचा वापर निदान एक महिनाभर नोंदवावा आणि त्या महिन्यात महिनाअखेर अवश्य यावी. समजा, या नोंदींत सरासरी वापर कोअरांच्या १० टक्के, म्हणजे ८ कोअरइतका आणि महिनाअखेरच्या हिशेबाच्या दिवशी ३० टक्के, म्हणजे २४ कोअरइतका आढळला. आणि स्मृतीचा प्रत्यक्ष वापर यंत्रागणिक १० गिगाबाइट, म्हणजे एकूण २०० गिगाबाइट भरला. पुढील पाच वर्षांत काम दीडपट होईल असे धरले, तर स्मृती ३०० गिगाबाइट आणि गर्दीच्या दिवशी जुन्या मापाचे ३६ कोअर लागतील. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. पण रीत सर्वत्र हीच आहे.

सरासरीवर कधीही विसंबू नये, हा यातील महत्त्वाचा धडा होय. रेल्वेची तात्काळ तिकिटे वातानुकूलित वर्गासाठी सकाळी दहा वाजता आणि इतर वर्गांसाठी अकरा वाजता खुली होतात, अशी पद्धत २०१५ पासून सुरू झाली. दोन वर्गांच्या वेळा वेगळ्या ठेवण्यात गर्दीची विभागणी हाच हेतू होता. अशा व्यवस्थेला दिवसाच्या सरासरीने मोजलेले यंत्र दिले, तर तेवीस तास ते निवांत राहील आणि नेमक्या त्या काही मिनिटांत कोलमडेल. प्रत्येक व्यवसायाची आपली अशी एक 'दहाची वेळ' असते. ती शोधून काढणे हे खरेदी करणाऱ्याचे पहिले काम होय.

स्मृती, कोअर आणि परवाने

आभासी यंत्रांच्या बाबतीत सहसा स्मृती प्रथम संपते, प्रोसेसर नव्हे. त्याचे कारण सरळ आहे. प्रोसेसरचा वेळ वाटून घेता येतो. एका आभासी यंत्राला काम नसेल तेव्हा दुसरे तोच कोअर वापरते. स्मृतीचे तसे नाही. एकाने व्यापलेली जागा दुसऱ्याला सहजासहजी मिळत नाही. म्हणून कोअरांचे वाटप प्रत्यक्ष संख्येपेक्षा अधिक केले तरी चालून जाते. स्मृतीच्या बाबतीत अशी उधळपट्टी केल्यास सर्व यंत्रणा मंदावते. स्मृती नेहमी चूक दुरुस्त करणारी, म्हणजे बाजारात 'ईसीसी' या नावाने ओळखली जाणारी असावी. साध्या स्मृतीत एखादा अंक आपोआप बदलला तर ते कोणाच्या ध्यानात येत नाही. आणि एका पेटीत वीस कामे असताना अशी मूक चूक कोणाच्या हिशेबात शिरेल, हे सांगता येत नाही.

कोअर किती घ्यावेत, हा प्रश्न आता केवळ वेगाचा राहिलेला नाही. अनेक आज्ञावल्यांचे परवाने कोअरांच्या संख्येवर आकारले जातात. त्यामुळे निष्क्रिय कोअरचेही दरवर्षी भाडे भरावे लागते. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमचे परवाने विकणे बंद करून वार्षिक वर्गणीची पद्धत आणली. तीत प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरून आकारणी ठरविण्यात आली. अशा नियमाखाली ८ कोअरांचे दोन प्रोसेसर असलेल्या यंत्राला ३२ कोअरांचे मूल्य पडते. १६ कोअरांचा एकच प्रोसेसर असलेल्या यंत्राला १६ चे. दोन्ही यंत्रे जवळपास सारखेच काम करतील, पण पाच वर्षांत त्यांच्या खर्चात मोठे अंतर पडेल. यास्तव, आधी परवान्याचे नियम वाचावेत आणि मग प्रोसेसर निवडावा. हा क्रम उलट झाला, तर स्वस्त यंत्र महागात पडते.

या घटनेचा दुसरा अर्थही आहे. आभासीकरणाने काम यंत्रापासून मोकळे झाले खरे. पण ते हायपरव्हायझरच्या मालकाशी बांधले जाऊ शकते. म्हणून घेतलेली सामग्री एकापेक्षा अधिक हायपरव्हायझरांवर चालेल ना, हे खरेदीच्या अटींतच तपासणे शहाणपणाचे ठरते.

साठवण

आभासी यंत्रे संथ चालतात, अशी तक्रार जेव्हा येते तेव्हा दोष बहुधा साठवणीत आढळतो. खरेदीच्या वेळी साठवणीची जागा सर्वजण विचारतात. तिचा वेग क्वचितच कोणी विचारतो.

फिरत्या डिस्कचे गणित कोणालाही करता येण्यासारखे आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क एक फेरा सुमारे ८.३ सहस्रांश सेकंदात पुरा करते. हवी ती नोंद वाचकशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ सहस्रांश सेकंद लागतात. शीर्ष योग्य जागी सरकण्यास आणखी सुमारे ८ सहस्रांश सेकंद जातात. एकूण १२ सहस्रांश सेकंद झाले. म्हणजे ही डिस्क सेकंदाला सुमारे ८० विखुरलेल्या नोंदी वाचू शकते. तिची जागा १ टेराबाइट असो वा १६ टेराबाइट, हा आकडा फारसा बदलत नाही.

एकच काम चालू असताना नोंदी अनेकदा ओळीने वाचल्या जातात आणि शीर्षाला फारशी धावपळ करावी लागत नाही. वीस आभासी यंत्रे एकाच डिस्कवर आली की वीस शिस्तबद्ध रांगा एकाच खिडकीवर एकमेकींत मिसळतात आणि प्रत्येक नोंदीसाठी शीर्षाला दूर धावावे लागते. वरील संस्थेच्या वीस यंत्रांना प्रत्येकी सेकंदाला ५० नोंदी लागत असतील, तर एकूण १,००० होतात. त्यांतील ७०० वाचनाच्या आणि ३०० लेखनाच्या आहेत असे मानू.

येथे डिस्कांच्या रचनेचा प्रश्न येतो. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठातील पॅटर्सन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून एखादी बिघडली तरी माहिती शाबूत राखण्याच्या पद्धतींचे वर्गीकरण मांडले. त्यांना 'रेड' हे नाव मिळाले. 'रेड ५' या पद्धतीत जागा वाचते. परंतु प्रत्येक छोट्या लेखनासाठी डिस्कांवर चार कृती कराव्या लागतात: जुनी नोंद वाचणे, जुना ताळा वाचणे, नवी नोंद लिहिणे आणि नवा ताळा लिहिणे. 'रेड १०' मध्ये प्रत्येक नोंद दोन डिस्कांवर लिहिली जाते. जागा निम्मी वाया जाते, पण लेखनाला दोनच कृती लागतात. म्हणजे पहिल्या पद्धतीत ७०० अधिक १,२०० मिळून १,९०० कृती झाल्या आणि सेकंदाला ८० कृती करणाऱ्या २४ डिस्क लागतील. दुसऱ्या पद्धतीत ७०० अधिक ६०० मिळून १,३०० कृती. १७ डिस्क पुरत्या, पण जोडी जुळविण्यासाठी १८ घ्याव्या लागतील.

या आकड्यांमुळेच फिरत्या डिस्कांची जागा आता अर्धवाहकांच्या साठवणीने, म्हणजे एसएसडीने घेतली आहे. तीत काहीच फिरत नाही. म्हणून एक चांगली एसएसडी सेकंदाला हजारो, कित्येकदा लाखो नोंदी वाचते. तथापि, घरगुती आणि व्यावसायिक एसएसडी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांत भेद आहे. व्यावसायिक प्रकारात वीज अचानक गेल्यास हातातील लेखन पुरे करण्याइतकी ऊर्जा साठविणारे धारित्र बसविलेले असते. शिवाय किती लेखन सोसेल, याची निर्मात्याने हमी दिलेली असते. रोज एकदा पूर्ण भरून लिहिता येईल अशी पाच वर्षांची हमी असलेली १.९२ टेराबाइटची एसएसडी सुमारे ३,५०० टेराबाइट लेखन सोसते. संस्थेचे रोजचे लेखन मोजून या आकड्याशी ताडून पाहावे. फिरत्या डिस्क मात्र जुन्या कागदपत्रांसाठी आणि राखीव प्रतींसाठी अद्याप स्वस्त व योग्य आहेत.

एक धोका मात्र मोठ्या डिस्कांबरोबर येतो. १६ टेराबाइटची एक डिस्क बिघडली आणि तिच्या जागी नवी बसविली, तर सेकंदाला २०० मेगाबाइटच्या अखंड वेगानेही ती पुन्हा भरण्यास ८०,००० सेकंद, म्हणजे बावीस तासांहून अधिक काळ लागतो. या काळात रेड ५ मधील दुसरी डिस्क बिघडली तर सर्व माहिती जाते. म्हणून मोठ्या डिस्कांसाठी दोन डिस्कांचा बिघाड सोसणारी रचना घेणेच इष्ट.

एक यंत्र बंद पडते तेव्हा

आता सर्व्हर किती घ्यावेत, हे ठरविता येईल. नियम असा की, एक यंत्र बंद पडल्यावर उरलेल्यांनी सर्व भार उचलला पाहिजे. तीन यंत्रे प्रत्येकी ६० टक्के वापरात असतील, तर एक गेल्यावर १८० टक्क्यांचा भार दोघांवर येतो. प्रत्येकी ९० टक्के. काम चालते. तीच यंत्रे ७० टक्के भरलेली असतील, तर भार २१० टक्के होतो आणि दोघांत तो मावत नाही. कागदावर तीन यंत्रे आहेत. प्रत्यक्षात आधार एकाचाही नाही.

नोएडातील संस्थेला प्रत्येकी १६ कोअर आणि १९२ गिगाबाइट स्मृती असलेली तीन यंत्रे पुरतील. त्यांतील कोणतीही दोन मिळून ३८४ गिगाबाइट स्मृती देतात. लागणारी ३०० आहे. कोअर ३२ मिळतात. जुन्या मापाच्या ३६ कोअरांपेक्षा ही संख्या कमी दिसते. परंतु नवा कोअर जुन्याच्या मानाने बराच वेगवान असतो. तो किती वेगवान आहे हे निर्मात्याच्या पत्रकावरून न ठरविता, संस्थेच्याच हिशेबाच्या आज्ञावलीवर चालवून पाहावे. दोनच यंत्रे घेण्याचा मोह होतो. पण त्यांच्यातील संपर्क तुटल्यास दुसरे मेले आहे असे प्रत्येकाला वाटते आणि दोन्ही यंत्रे तीच नोंद लिहू लागण्याचा धोका निर्माण होतो. यास्तव दोन यंत्रांच्या व्यवस्थेतही निर्णयासाठी तिसरा एक साक्षीदार ठेवावा लागतो.

साठवण कोठे ठेवावी, याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात सर्व यंत्रांना समाईक असा एक स्वतंत्र साठवण-संच असतो; दुसऱ्यात प्रत्येक यंत्रातील डिस्क जाळ्याने जोडून नोंदीच्या प्रती एकाहून अधिक यंत्रांत ठेवतात. पहिला मार्ग समजण्यास सोपा आहे, पण त्या संचाचे नियंत्रक, वीजपुरवठा आणि जोडतारा सर्व दुहेरी असावे लागतात. एरवी तीन सर्व्हरांचा डोलारा एकाच खांबावर उभा राहतो. दुसऱ्या मार्गात असा एक खांब नसतो, पण यंत्रांमधील जाळे वेगवान लागते आणि ते सांभाळण्यास जाणकार माणसे लागतात. ज्या संस्थेत अशी माणसे नाहीत, तिने साधी रचना निवडण्यात कमीपणा मानू नये.

दिल्लीची हवा आणि वीज

सामग्रीची निवड ती ज्या ठिकाणी ठेवायची त्या ठिकाणापासून वेगळी काढता येत नाही. दिल्ली आणि तिच्या परिसरात मे-जून महिन्यांत तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश असावी, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. सर्व्हरने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. तीन सर्व्हर, साठवण आणि जाळे मिळून २ किलोवॉट वीज लागत असेल, तर तेवढीच उष्णता अहोरात्र बाहेर काढावी लागते; आणि १ टनाचे वातानुकूलन सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता काढते. म्हणजे एक लहान यंत्र पुरेल. पण ते बिघडले तर काय, हा प्रश्न येथेही आहे. म्हणून दोन असावीत. उन्हाळ्यातील धुळीच्या वादळांमुळे हवेच्या गाळण्या वारंवार साफ कराव्या लागतात, हेही विसरू नये.

विजेचा अनुभव अधिक बोलका आहे. ३० जुलै २०१२ रोजी उत्तर भारताची वीजवाहिन्यांची जोडव्यवस्था कोसळली आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य या तिन्ही भागांत तोच प्रकार घडला. दिल्लीची मेट्रोही थांबली. अशा प्रसंगी बॅटरीवरील यूपीएस हा केवळ पूल असतो. जनरेटर सुरू होईपर्यंतचा किंवा यंत्रे रीतसर बंद करीपर्यंतचा. २ किलोवॉटचा भार पंधरा मिनिटे पेलण्यास अर्धा युनिट वीज साठविलेली असावी लागते. राजधानी परिसरात डिझेल जनरेटरच्या वापरावर १ ऑक्टोबर २०२३ पासून प्रदूषणाच्या कारणास्तव कडक निर्बंध आले. त्यामुळे आवारात जनरेटर उभा आहे एवढ्याने भागत नाही, तो नियमांत बसणारा असावा लागतो. या अडचणींमुळेच अनेक संस्था आपले सर्व्हर नोएडा-गुरुग्राम भागांतील व्यावसायिक डेटा केंद्रांत भाड्याच्या जागेत ठेवतात. जागा भाड्याची असली तरी यंत्राची निवड मात्र आपलीच राहते. तेथे भाडे विजेवर आकारले जात असल्यास, कमी वीज घेणारे यंत्र थोडे महाग असले तरी अंती स्वस्त पडते.

राखीव प्रत

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संगणक-व्यवस्था एका सायबर हल्ल्यामुळे बंद पडली. रुग्णांची नोंदणी, भेटीच्या वेळा, दाखल करणे, घरी सोडणे ही सर्व कामे ज्या 'ई-हॉस्पिटल' आज्ञावलीवर चालत, तिचे पाच सर्व्हर हल्ल्यात सापडले. सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केल्याचे संसदेत सांगण्यात आले. देशभरातून आलेल्या रुग्णांच्या रांगा उभ्या असताना कर्मचाऱ्यांना पुन्हा कागद आणि लेखणी हाती घ्यावी लागली. बहुतेक कामे पूर्ववत होण्यास दोन आठवडे लागले. एका राखीव सर्व्हरला हल्ल्याचा स्पर्श झाला नव्हता. त्यावरून सर्व माहिती परत मिळविण्यात आली आणि ती नव्या सर्व्हरांवर चढविण्यात आली.

१.३ टेराबाइट हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. एवढी माहिती तळहातावर मावणाऱ्या एका डिस्कमध्ये बसते. देशातील एका अग्रगण्य रुग्णालयाचे दैनंदिन काम तेवढ्या माहितीवर अवलंबून होते. माहितीचे मोल तिच्या आकारावर ठरत नाही आणि तिला वाचविणारी प्रत ही चैनीची वस्तू नव्हे, हे यावरून कळून येते. या हल्ल्याच्या चौकशीत संगणकांच्या जाळ्याचे नीट विभाजन केलेले नव्हते, असेही आढळले. एका खोलीत लागलेली आग दुसरीत जाऊ नये म्हणून मध्ये भिंत असावी लागते; राखीव प्रतीचे यंत्र तर त्या भिंतीपलीकडेच हवे.

रेड म्हणजे राखीव प्रत नव्हे. ती रचना डिस्कच्या बिघाडापासून वाचविते, चुकीने पुसलेल्या वा हल्ल्यात बिघडविलेल्या नोंदीपासून नाही. त्याच साठवणीत घेतलेले आभासी यंत्राचे तात्पुरते चित्रही राखीव प्रत नव्हे. ती साठवण गेली की चित्रही जाते. जुना आणि विश्वासार्ह नियम असा आहे: माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दूरच्या ठिकाणी. दिल्ली भूकंपप्रवण पट्ट्यात असल्याने 'दूर' म्हणजे शेजारचे गुरुग्राम नव्हे. शासनाच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने आपली डेटा केंद्रे दिल्लीखेरीज पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे उभारली. त्यांतील अंतरे डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहेत.

प्रत असणे पुरेसे नाही. ती किती वेळात परत चढविता येते, हेही मोजले पाहिजे. १० टेराबाइट माहिती सेकंदाला १ गिगाबिटच्या जाळ्यावरून परत आणण्यास, सेकंदाला १०० मेगाबाइट प्रत्यक्ष वेग धरला तर, सुमारे अठ्ठावीस तास लागतात. दसपट वेगाच्या जाळ्यावर तेच काम तीन तासांच्या आत होऊ शकते. एक दिवस दुकान बंद ठेवणे परवडेल की नाही, या प्रश्नाच्या उत्तरावरच जाळ्याचा वेग ठरतो. वर्षातून निदान दोनदा राखीव प्रतीवरून एखादे आभासी यंत्र उभे करून पाहावे. ज्या प्रतीची अशी परीक्षा झालेली नाही, ती आहे असे समजू नये.

स्वीकृतीची कसोटी

सारांश, सामग्रीची निवड ही सर्वांत वेगवान यंत्राची निवड नव्हे. कोणता बिघाड आपण सोसू शकतो आणि कोणता नाही, याची ती निवड आहे. म्हणून खरेदीच्या निविदेत प्रोसेसरचे नाव आणि डिस्कची जागा लिहिण्याआधी चार गोष्टी लिहाव्यात: गर्दीच्या क्षणी किती काम होते, किती वेळ काम बंद राहिलेले चालेल, किती वेळापूर्वीपर्यंतची माहिती गेली तर भागेल आणि पाच वर्षांनी हे काम दुसऱ्या यंत्रावर कसे नेता येईल. या चारही प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याजवळ नसतात. ती ज्याने त्याने आपल्या कामातूनच शोधावयाची असतात.

यंत्रे आली, बसविली गेली आणि सर्व दिवे हिरवे दिसू लागले की पैसे चुकते करण्याची घाई होते. त्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. ऐन कामाच्या वेळी, सर्वांना पूर्वसूचना देऊन आणि राखीव प्रत हाती ठेवून, तीन सर्व्हरांपैकी एकाची तार काढावी. त्यावरील आभासी यंत्रे काही मिनिटांत इतर दोघांवर पुन्हा सुरू झाली आणि खिडकीवर बसलेल्या कारकुनाला क्षणभराच्या खोळंब्यापलीकडे काही जाणवले नाही, तर निवड योग्य झाली असे समजावे. तसे झाले नाही, तर तो दोष त्याच दिवशी कळलेला बरा. कारण त्या दिवशी खिडकीपुढे रांग नसते आणि काढलेली तार परत लावता येते.